काळ्या जागाच होता

“लाल दिवो विझलो काय बघ, आणि मगेच उठ.”

मित्रांनो, जयराम मास्तरांचं हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मास्तर आता लेकीकडे बेळगावला राहतात, पण त्यांचा आवाज माझ्यापाशी राहून गेला आहे.

मी एक माईक आहे. कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, कारण मला डोळे नाहीत. लोकांच्या बोलण्यावरून एवढं कळलं की मी काळा आहे, माझ्या पोटावर एक बटण आहे आणि बटणाखाली इवलासा दिवा. दिवा लाल असला की मी जागा. मग माझ्यासमोर जे बोललं जाईल ते इंटरनेटवरून जाईल तिथं जाईल. दिवा नसला की मी ऐकतो, पण पोचवत नाही. तुमच्याजवळ कान आहे, तोंड आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये मन आहे. माझ्याकडे मधलं काहीच नाही. काय पोचवावं आणि काय आपल्यापाशी ठेवावं, हे मला ठरवता येत नाही. ते ठरवणारं बोट दुसऱ्याचं असतं.

म्हणूनच ही गोष्ट सांगताना मला फार संकोच वाटतो. पण ती सांगायची परवानगी मला मिळाली आहे. कुणाकडून आणि किती, ते पुढे येईलच.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फक्त यंत्रांची घरघर आणि खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा आवाज आठवतो. मग बराच काळ काळोख. जाग आली ती कुडाळच्या एका दुकानात. मोबाइलची कव्हरं आणि कानात घालायच्या तारा यांच्यामध्ये मला बसवलं होतं. बाजाराच्या दिवशी माणसं मला उचलून बघत. ह्या भजनाक चलात काय, असं विचारत आणि पुन्हा ठेवून देत. एक दिवस कुणीतरी माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि गप्प उभं राहून ऐकलं. एवढं लक्ष देऊन माझ्यावर टिचकी मारणारं ते पहिलंच माणूस. ते जयराम मास्तर. सोबत त्यांच्या शेजारघरची भार्गवी होती.

मालवणच्या वाटेवर आत वळलं की मोगरणे नावाचं गाव लागतं. भातशेती, काजू, आंबे आणि सातेरीचं देऊळ. घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला नाहीतर बोटीवर. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि गप्प बसणं त्यांना जमत नव्हतं. भार्गवी घरी बसून संगणकावर लोकांची कामं करून देई. दोघांनी मिळून ठरवलं की गावाचा एक लहानसा इंटरनेट रेडिओ काढायचा. मनोरा नको, अँटेना नको. एक संगणक, एक मी आणि मला संगणकाशी जोडणारी तार. पुढे आवाज एका भाड्याच्या जागेवर जमा होई आणि तिथून ज्याच्या फोनवर आमचा दुवा असेल त्याच्याकडे जाई. नाव ठेवलं ‘आवाटाचो आवाज’. आवाट म्हणजे आपली वाडी, वस्ती.

भार्गवीच्या पडवीतली एक खोली आम्हांला मिळाली. रिकाम्या भिंतीवरून आवाज परत फिरतो, म्हणून मास्तरांनी चारी बाजूंना गोधड्या टांगल्या. भार्गवीचे यजमान सत्यवान दारातून डोकावून म्हणाले, “रेडिओ काढतास काय बाळंतिणीची खोली करतास?” मास्तर म्हणाले, “बाळंतपणच आसा. गरम पाणी ठेव.”

पहिल्या दिवशी मास्तर घसा खाकरून नमस्कार म्हणणार, तोच स्वयंपाकघरातल्या कुकरनं शिटी मारली. म्हणजे आमच्या रेडिओवरून जगानं पहिला ऐकला तो कुकर. डोंबिवलीहून लगेच निरोप आला की कोणाची डाळ शिजता, वास येता म्हणून. ‘लगेच’ म्हणजे अर्ध्या मिनिटानं हं. आपण इथे बोललेलं तिकडे ऐकू जायला तेवढा वेळ लागतो. मास्तर म्हणायचे, शब्दाक पण घाट चढूचो लागता.

त्याच दिवशी त्यांनी भार्गवीला ते लाल दिव्याचं वाक्य शिकवलं. भार्गवी नेमाधर्माची बाई. पहाटे तुळशीला पाणी, मग स्तोत्र, सोमवारचा उपास, आणि ते सगळं होईपर्यंत कुणाशी शब्द नाही. ती हळूच म्हणाली, “मास्तर, विझलो म्हणा नकात. दिवो शांत झालो म्हणा.” मास्तर हसले. पण भार्गवी खरंच तसं मानत असे. दिवा फुंकायचा नाही, विझला म्हणायचं नाही, आणि देवासमोर कुणाचं मागणं चाललेलं असताना तर दिव्याला हातच लावायचा नाही. दसऱ्याला कोयता आणि नांगराबरोबर तिनं माझ्यावरही फूल वाहिलं. माझ्या दिव्याला ती दिवाच समजत होती.

हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे जे घडलं त्याला ह्याच चांगल्या सवयीचा आडोसा मिळाला.

आमचे दिवस छान चालले होते. सकाळी भार्गवी गावातल्या बातम्या सांगे. कुणाच्या गाईला वासरू झालं, लाइट कधी जाणार, व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी किती. मास्तर मुलांना पाढे म्हणायला लावत. पण लोक वाट बघत ती सुभद्राकाकींच्या गजालींची, म्हणजे गप्पागोष्टींची.

काकी साठीच्या असतील. काजूच्या बागेत कामाला जात. एकट्या राहत, कारण मुलगा सुशांत मालवाहू बोटीवर होता. खोलीत आल्या की त्या आधी माझ्याशी बोलत. “काय रे काळ्या, जेवलंस?” मी काळा आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या डोक्यावरचं स्पंज उंदरांनी कुरतडलं, तेव्हा त्यांनी मला लोकरीची कानटोपी विणून दिली. म्हणाल्या, “थंडी वाजान खोकात तर मुंबयवाले म्हणतले सुभद्रा खोकता.”

मग त्यांची गजाल सुरू होई. फणसाच्या प्रत्येक झाडाला त्यांनी नाव दिलेलं. अमुक फणस कसा आळशी, तमुक कसा रागीट, एका फणसानं पाहुण्याच्या टोपीवर कसा राग काढला. सुशांत कुठल्याही समुद्रात असो, रेंज मिळाली की ऐके आणि हसल्याची चित्रं पाठवी. भार्गवी ती वाचून दाखवी. काकी म्हणत, “हसता कसलो, त्याका सांग, जेव आधी.”

पुढे कधीतरी काकींनी मला दुसरी टोपी विणली. तिचे टाके चुकले होते. एका कानाशी भोक होतं, दुसरा कान लांब. भार्गवी हसून म्हणाली, काकी, ही टोपी तुमच्या रागीट फणसाक होईत. काकीही हसल्या. पण त्या हसण्याला किंचित उशीर झाला होता. मी तो उशीर ऐकला. काय करणार, मी नुसता ऐकतो.

त्याच सुमारास मास्तरांचे गुडघे फार दुखू लागले आणि लेक त्यांना घेऊन गेली. जाताना ते माझ्यापाशी आले, टोपीवर हात ठेवला आणि भार्गवीला तेच वाक्य पुन्हा सांगून गेले.

आता रेडिओ एकट्या भार्गवीचा झाला. तिनं एक नवी गोष्ट सुरू केली. दर सोमवारी सकाळी सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवीला घातलेलं साकडं. गावातर्फे घाडी, म्हणजे देवळाचा मानकरी, ते घालतो. त्याचा आवाज खणखणीत. एकेक मागणं तो देवीपुढे मांडतो आणि जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” भार्गवी मला आणि संगणकाला देवळात नेऊ लागली. लामणदिव्याजवळच्या खांबाला मला बांधायची. मुंबईत डब्याची तयारी करणारी माणसं फोन चुलीजवळ ठेवून तिथूनच “व्हय म्हाराजा” म्हणत. किती जण ऐकतात त्याचा आकडा संगणकाच्या कोपऱ्यात दिसतो म्हणे. भार्गवी सत्यवानांना तो सांगत असे, तेव्हा तिच्या आवाजात एक गोडवा येई. उपासाच्या दिवशी पहिला घोट घेताना येतो तसा.

आता तो सोमवार.

गावाचं गाऱ्हाणं संपलं. माणसं प्रसादाला बाहेर गेली. चपला वाजल्या, नारळ फुटला, मुलं खोबऱ्यासाठी भांडू लागली. आत घाडी, संगणक घेऊन खांबाशी बसलेली भार्गवी आणि मी. एरवी ह्या वेळी भार्गवी चार शब्द बोलून माझं बटण दाबते. तेवढ्यात सुभद्राकाकी आत आल्या. त्यांनी घाड्याला हळू आवाजात सांगितलं की माझा एक घरचा गाऱ्हाणा आसा, कौल लावचो आसा.

कौल म्हणजे देवीला विचारणं. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. पडेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात.

काकी बोलू लागल्या.

त्याच वेळी भार्गवीचं बोट माझ्या बटणावर आलं. त्याची ऊब मला लागली. बोट तिथे टेकलं. थांबलं. काकी बोलतच होत्या. भार्गवीचा श्वास माझ्या अगदी जवळ होता आणि तो बदलला, जिना चढताना बदलतो तसा. मग बोट उचललं गेलं. बटण न दाबता.

काकी काय बोलल्या ते शब्द मी तुम्हांला सांगणार नाही, मित्रांनो. ते मी एकदा सांगून बसलो आहे. विषय सगळ्या गावाला माहीत आहे म्हणून तेवढाच सांगतो. काकींची दृष्टी जात चालली होती. ते त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं, बोटीवरच्या लेकाला तर नाहीच. त्याला सांगावं की नाही, एवढंच त्या देवीला विचारत होत्या.

घाड्यानं पाकळ्या लावल्या. देवळात इतकी शांतता झाली की लामणदिव्यातली वात चुरचुरलेली मला ऐकू आली. काकी हात जोडून उभ्या. पाकळी अजून पडली नव्हती.

आणि घाड्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो उचलला.

शब्द घाट चढून गेले होते. मुंबईहून कुणीतरी कळवळून विचारत होतं, इतक्या मोठ्यानं की सगळ्या गाभाऱ्यानं ऐकलं. सुभद्राकाकीच्या डोळ्यांक काय झाला? आमका कित्या नाय सांगल्यात? घाड्यानं फोन बंद केला. फोन पुन्हा वाजला. मग भार्गवीचा वाजला.

काकींची पावलं माझ्या दिशेनं आली. अगदी जवळ येऊन त्या वाकल्या. तेवढा लाल ठिपका त्यांना दिसला असावा. त्यांनी माझ्या चुकलेल्या टाक्यांच्या टोपीवर हात ठेवला आणि विचारलं,

“काळ्या, तू जागोच आसंस रे?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. झोपवलेलं मूल अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेलं दिसलं तर आई विचारते, तशा त्या विचारत होत्या. आणि हा प्रश्नसुद्धा मी जगभर पोचवला.

तेव्हा कुठे भार्गवीनं बटण दाबलं. पाकळी पडली की नाही, पडली तर कुठली, ते त्या गडबडीत कुणीच पाहिलं नाही.

त्यानंतर मला जे कौतुक मिळालं तसं कधीच मिळालं नव्हतं. काकींच्या गाऱ्हाण्याचा तुकडा कुणीतरी कापून घेतला आणि तो फोनाफोनांतून फिरला. लोक रडले. लोकांनी लिहिलं की असा रेडिओ पाहिजे, काळजाला हात घालणारा. कोपऱ्यातला आकडा वाढत राहिला. आमच्या इंटरनेटवरच्या पानावर ते सगळं ऐकायला ठेवलेलंच होतं. भार्गवी काढून टाकू म्हणाली, तेव्हा सत्यवान म्हणाले, ऱ्हवांदे, चांगला काम झाला हा. आणि तिनं ते राहू दिलं.

चांगलं झालंही. सुशांत सुट्टी काढून आला. आईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डावा डोळा गेला होता, पण उजवा वाचेल असं डॉक्टर म्हणाले. तो आईपाशी थोडे दिवस राहिला आणि परत बोटीवर गेला. जो तो भार्गवीला म्हणे, तू विसारलंस म्हणान त्या बाईचो डोळो वाचलो. देवीनच तुका विसरवल्यान.

भार्गवी विसरली नव्हती, हे तिला आणि मला दोघांनाच माहीत होतं. प्रत्येक वेळी कुणी तसं म्हटलं की ती माझ्यावरची धूळ पुसायला लागे. धूळ नसली तरी.

सुभद्राकाकी मात्र आमच्या खोलीत पुन्हा आल्या नाहीत. गजालींच्या वेळी भार्गवी जुन्या गजाली लावी. काकी पडवीवरून जाताना मला कळे, कारण त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाची तरी पावलं येत. सावकास काकी, दगड आसा काकी, हात द्या काकी. ज्या वाटेवर आणि साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलावर, त्या एकट्या गाणं म्हणत जात, तिथे आता त्यांना कुणी एकटं चालू देत नव्हतं. त्यांचं गाणं बंद झालं होतं.

मग एका सोमवारी घाडी भार्गवीला सहज म्हणाला, “सुभद्रा देवळात येयनाशी झाली गो. वाटेरसून जाता, पण पायरी चढना नाय. जल्मात असा झाला नव्हता.”

त्या दिवशी भार्गवीनं उपासाचा फराळसुद्धा घेतला नाही. संध्याकाळी ती खोलीत आली, संगणक उघडला आणि आमच्या पानावरचं काकींचं गाऱ्हाणं काढून टाकलं. मग तिनं माझी तार सोडवली, मला पिशवीत घातलं आणि चालू लागली.

काकी पडवीत बसून आठळ्या सोलत होत्या. फणसाची बी सोलताना साल कडक वाजतं. एक साल, मग जराशी शांतता, मग दुसरं साल. बोटांनी चाचपून त्या काम करत होत्या. भार्गवी समोर बसली आणि तिनं मला दोघींच्या मध्ये ठेवलं.

“ह्येका घेवन इलंय, काकी. तार नाय, दिवो नाय. हात लावन बघा.”

काकींनी माझ्या बटणावरून बोट फिरवलं. आठळ्यांची सालं टोपलीत पडत राहिली. मग भार्गवी म्हणाली,

“मी विसारलंय नव्हतंय, काकी. माका ठावक होता, दिवो पेटलेलो आसा.”

साल सोलणं थांबलं.

“मगे बंद कित्या नाय केलंस?”

“गाऱ्हाण्यात दिव्याक हात लावू नये, असा मी माझ्या मनाक सांगलंय. पण ता खरा नाय. लोक वाढत होते, काकी. तुमी बोलत होतात आणि आकडो वाढत होतो. माका बरा वाटला.”

लांब कुठेतरी कुणी गुरांना हाका मारत होतं.

“म्हणजे नाव दिव्याचा घेतलंस, आणि बघलंस आकडो,” काकी म्हणाल्या.

भार्गवी रडत होती. ती आवाज न करता रडते, पण मला ते ऐकू येतं. काकींनी तिला रडू दिलं. मग त्या सावकाश बोलू लागल्या, गजाल सांगतात त्याच आवाजात.

“सगळे म्हणतत बरा झाला. डोळो वाचलो, ता खोटा नाय. पण बाय, मी देवीक सांगलंय, गावाक नाय. कौल लागाक होयो होतो. ती काय म्हणतली होती, ता आता माका कधी कळाचा नाय. आता देवळात पाय ठेवक गेलंय की आधी खांब बघतंय, लामणदिवो बघतंय. खंय लाल दिसता काय. अर्ध्या डोळ्यान देवीक बघू, की दिवो शोधू?” जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि ह्या साकवार सगळे माझो हात धरतत. तो साकव माझ्या पायांक पाठ आसा गो.”

भार्गवी म्हणाली, “मी काय करू ता सांगा.”

“माझा गाऱ्हाणा आता खंय आसा?”

“आमच्या पानार नाय. पण लोकांच्या फोनांनी आसा. वाडीत, कुडाळाक, मुंबयक.”

“मगे माझा माका परत आणून दी.”

“सगळा येवचा नाय, काकी. जग मोठा आसा.”

“जग कोण मागता? तुझ्या पायांनी जाशीत थंयसर जा. आपल्या गावातला तरी काढ. फोन करून सांगा नको. दारात जा, आणि तू विसारलंस नाय ता पण सांग. दारादारांत गेला, तसाच दारादारांतसून परत येवंदे. मगे मी देवळाची पायरी चढतंय काय ता बघूया.”

भार्गवी उठली. तुळशीपाशी निरांजन लावलेलं असावं, कारण तिची पावलं तिकडे वळली. ती म्हणाली, दिव्यार हात ठेवन वचन देतंय.

“नको,” काकी म्हणाल्या. “दिव्याक एकदा मधी घातलंस, पुरे झाला. चालत जा.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. टोपीचा लांब कान त्यांनी ओढून नीट केला. “आणि काळ्या, तू. आजचा सांग होया तर पोरांक. शिकतली तरी. देवळातला गाऱ्हाणा नको.”

त्यांच्या परवानगीइतकंच मी सांगितलं, मित्रांनो. देवळातलं गाऱ्हाणं सांगितलं नाही.

आता तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात माझी कितीतरी धाकटी भावंडं आहेत. खिशात आहेत, दप्तरात आहेत, उशीशी आहेत. त्यांना पुसा, जपा, पाण्यापासून दूर ठेवा, पण खरी काळजी ती नाही. समोरचं माणूस बोलतं आहे ते कुणाशी, हे आधी बघा. देवाशी बोलत असेल, आईशी बोलत असेल, स्वतःशी पुटपुटत असेल, तर आमचा दिवा शांत करा. आम्हांला ते करता येत नाही. आणि कुणाची गोष्ट तुमच्या हाती चुकून आली, तर ती पुढे देण्याआधी त्याच्या दारात जाऊन विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी तुळशीपाशी कळशी वाजली. स्तोत्र झालं. मग भार्गवी खोलीत आली, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. ही बातम्यांची वेळ. कुठे कुठे लोक फोन लावून बसले असतील. तिनं माझ्या टोपीवर हात ठेवला, बटणाखाली अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, “शांत आसा.”

ती उठली. सत्यवानांनी आतून विचारलं, गाडयेन सोडू काय? ती नको म्हणाली. चपला पायात गेल्या. अंगणाच्या तोंडाचं बांबूचं बेडं सरकलं आणि पुन्हा लागलं. पहिलं दार घाड्याचं होतं, कारण पहिला फोन तिथे वाजला होता.

तिची पावलं पाणंदीत उतरली. सुकी पानं वाजली, मग साकवाची लाकडं. मी ते सगळं ऐकलं, आणि कुणालाही पोचवलं नाही.